इस्कूल, अफलातून आणि उस्तुखुद्दूस

परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. मराठवाडा म्हटलं की लोकांना ऊन आणि दुष्काळच आठवतो. पण डिसेंबर-जानेवारीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा किती उतरला याची बातमी दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर येते आणि आम्ही ती शालीत गुरफटून वाचतो. थंडी पडली की आमच्या अम्मीचा नजला सुरू होतो. नजला म्हणजे जुनाट सर्दी. डोकं जड, नाक बंद. मग ती अत्तारांच्या दुकानातून एक डबी मागवते. डबीत काळपट, चिकट, गोडूस अवलेह असतो. त्याचं नाव इत्रीफल उस्तुखुद्दूस.

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी मैत्रिणीबरोबर क्लासला निघाली होती. अम्मी आतून म्हणाली, "बेटी, इस्कूल से आते वक्त इत्रीफल लेको आ." मैत्रीण खुदकन हसली. मुलगीही हसली आणि म्हणाली, "दादी, इस्कूल नाही, स्कूल. आणि मी क्लासला चाललेय."

अम्मी काही बोलली नाही. त्यानंतर दोन-तीन दिवस मुलीच्या मैत्रिणी आल्या की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. मला ते लागलं. कारण त्या हसण्याचा आवाज माझ्या ओळखीचा होता. मी पाचवीत असताना वर्गात धडा वाचताना 'स्टेशन'ला 'इस्टेशन' म्हणालो आणि सगळा वर्ग हसला. गुरुजींनी मला उभं करून तोच शब्द पाच वेळा म्हणायला लावला. पाचही वेळा माझ्या तोंडून 'इ' आधी बाहेर पडला. पुढे किती तरी दिवस माझं नावच 'इस्टेशन' पडलं होतं. 'तुमच्या लोकांना नीट बोलता येत नाही' हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यातलं 'तुमच्या लोकांना' मला जास्त टोचलं.

हा लेख त्या 'इ'बद्दल आहे. आणि त्या डबीवरच्या नावाबद्दल. दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. औषधाच्या गुणावगुणांबद्दल मला बोलायचं नाही, तो माझा विषय नाही. मला त्याच्या नावात रस आहे.

उस्तुखुद्दूस हा शब्द ऐकला की कुणालाही वाटेल, अरबी असणार. अरबी पुस्तकांतून तो आला हे खरं, पण जन्मानं तो ग्रीक आहे. ही एक सुगंधी वनस्पती, लॅव्हेंडरच्या कुळातली. लिनियसनं १७५३ साली तिला लॅटिन नाव दिलं, लॅव्हेंड्युला स्टीकस. त्यातला 'स्टीकस' आणि अम्मीचा 'उस्तुखुद्दूस' हा एकच शब्द.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. आजच्या तुर्कस्तानातल्या अनाझार्बस गावचा. त्यानं औषधी द्रव्यांवर पाच भागांचा ग्रंथ लिहिला, त्यात सुमारे सहाशे वनस्पती आहेत. त्यातलीच एक 'स्तोइखास'. तो सांगतो की गॉलच्या म्हणजे आजच्या फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, मार्सेल शहरासमोर 'स्तोइखादेस' नावाची बेटं आहेत, तिथं ही वनस्पती उगवते, म्हणून तिचं हे नाव. ग्रीकमध्ये 'स्तोइखोस' म्हणजे रांग. समुद्रात रांगेनं उभी असलेली बेटं, म्हणून स्तोइखादेस. बेटांवरून झाडाचं नाव, झाडावरून औषधाचं, आणि औषधावरून परभणीतल्या डबीवरचं.

आता शब्दाचे तुकडे करून बघू. मूळ शब्द 'स्तोइखास'. षष्ठी केली की 'स्तोइखादोस'. मध्येच हा 'द' कुठून आला? ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना हे नवीन नाही. 'शरत्' म्हणताना 'द' दिसत नाही, पण षष्ठीत 'शरदः' होतं आणि लपलेला 'द' बाहेर येतो. ग्रीकचंही तसंच. अरबीत जे रूप आलं ते हे दुसरं, 'द' असलेलं.

त्यात तीन अक्षरं : स्तोइ-खा-दोस. इथं अक्षर म्हणजे एका दमात निघणारा तुकडा. जोर मधल्या 'खा'वर. हा शब्द अरबीच्या दारात आला तेव्हा उंबरठ्यावरच अडला, कारण अरबीत कुठल्याही शब्दाची सुरुवात जोडाक्षरानं होत नाही. ज्या व्यंजनाला स्वर नाही त्याला अरबी व्याकरणात 'साकिन' म्हणतात, आणि साकिननं बोलायला सुरुवात करता येत नाही हा तिथला पक्का नियम. 'स्तो' मधल्या 'स'ला स्वर नाही. मग काय करायचं? पुढे एक आधाराचा स्वर लावायचा. 'स्तो' चं झालं 'उस्-तू'. आधीचा निराधार 'स' नव्या स्वराला जाऊन टेकला आणि तीन अक्षरांचा शब्द चार अक्षरांचा झाला : उस्-तू-खू-दूस.

अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. परका शब्द वाचताना लोक चुकू नयेत म्हणून लिहिणारे दीर्घ स्वरांची अक्षरं घालत. त्यामुळे कागदावर हा शब्द सगळा दीर्घ दिसतो. मराठी गझल लिहिणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर 'गागागागा'. आपल्याकडच्या हकीम-अत्तारांच्या तोंडी तो पुन्हा बदलला. 'तू'चा 'तु' झाला, 'द'चं द्वित्त झालं : उस्-तु-खुद्-दूस. म्हणजे 'गालगागा'. उर्दू छंदशास्त्रात याला 'फाइलातुन' म्हणतात आणि असंख्य गझला या लगावर चालतात. मार्सेलसमोरच्या बेटांचं नाव दख्खनच्या बाजारात येईपर्यंत गझलेच्या चालीत चालायला लागलं होतं.

माझं 'इस्टेशन' आणि अम्मीचं 'इस्कूल' हे नेमकं हेच आहे. 'स्ट' आणि 'स्क' यांच्या आधी आधाराचा 'इ'. जिभेचा आळस नाही आणि अडाणीपणाही नाही. हा नियम आहे, आणि ज्याच्या घरात अरबी वाचली जाते त्यानं तो रोज ऐकलेला असतो. अरबीत 'नाव' याला शब्द आहे 'इस्म'. त्यातला 'इ' हाच आधाराचा स्वर आहे, शब्दाचा मूळ भाग नव्हे. म्हणून मागे 'ब' आला की तो गळून पडतो आणि 'बिस्म' होतं. बिस्मिल्लाह म्हणजे 'अल्लाहच्या नावानं'. 'ब'कडे स्वतःचा स्वर आहे, मग 'इ'ची गरज उरत नाही. लिहितानाही तो गाळतात. मदरशात न गेलेलं, 'इस्कूल' म्हणणारं मूलही दिवसातून दहा वेळा बिस्मिल्लाह म्हणतं आणि हा नियम पाळतं.

'मग हे मुसलमानांचं बोलणं झालं, मराठी नव्हे,' असं कुणी म्हणेल. जरा थांबा. संस्कृत 'स्त्री'चं पालीत आणि प्राकृतात 'इत्थी' होतं. तिथंही पुढे 'इ'. मराठीच्या जुन्या आणि खेड्यातल्या बोलीत 'अस्तुरी' आहे, तिथं 'अ'. स्पॅनिशमध्ये शाळा म्हणजे 'एस्कुएला', हंगेरीत 'इश्कोला'. हंगेरीतला मुलगा रोज अम्मीसारखंच बोलतो आणि त्याला कुणी हसत नाही, कारण तिथं तीच प्रमाणभाषा आहे. मूळ ग्रीक शब्द 'स्खोले', अर्थ फावला वेळ. फावल्या वेळात माणसं चर्चा करायची, त्यातून शाळा आली. आजच्या क्लासच्या पोरांना हा अर्थ सांगू नये, रडतील.

जोडाक्षराचा हा अडथळा ओलांडायचा दुसराही मार्ग आहे. आधी स्वर लावण्याऐवजी 'स'च टाकून द्यायचा. आमच्या जिल्ह्यातला शेतकरी 'टेशन' म्हणतो तो हाच मार्ग. दख्खनी घरातलं पोर 'इस्टेशन' म्हणतं, शेजारच्या आळीतलं पोर 'टेशन' म्हणतं, आणि दोघंही मनमाड-सिकंदराबाद लाइनवरच्या त्याच परभणी जंक्शनला जाऊन त्याच गाडीत बसतात. शाळेत दोघांनाही हसतात. पण 'स' टाकायची ही सवय मराठीनं स्वतः हजारो वर्षं पाळली आहे. संस्कृत 'स्कंभ'पासून खांब झाला, 'स्तन'पासून थण झालं, 'स्थानक'पासून ठाणे झालं. ठाण्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही. तिथं महापालिका आहे.

आणि सगळ्यांत मोठी गंमत पुढेच आहे. मराठी माणूस एखादी गोष्ट फार आवडली की म्हणतो, "अफलातून!" हा कोण अफलातून? ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो. ग्रीकमध्ये 'प्लातोन'. अरबीत 'प' नाही म्हणून 'फ' झाला. 'फ्ला' हे जोडाक्षर सुरुवातीला चालत नाही म्हणून पुढे 'अ' लागला. अफ्लातून. 'इस्कूल'मध्ये जे घडलं तेच इथं घडलं आहे. माझ्या इस्टेशनला हसणारे गुरुजी चांगलं अक्षर पाहून "अफलातून!" म्हणायचे. त्या आधाराच्या स्वराला ते दर आठवड्याला शाबासकी देत होते, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आता डबीवरचा पहिला शब्द, इत्रीफल. हाही अरबी वाटतो. पण हा आपला त्रिफळा आहे. हिरडा, बेहडा, आवळा. संस्कृत 'त्रिफला' अरबीत गेला, तिथं 'त्र' हे जोडाक्षर अडलं, पुढे 'इ' लागला आणि इत्-री-फल झालं. युनानी यादीत ही तीन फळं हलेला, बलेला आणि आमला म्हणून येतात. हरीतकीचा हलेला, बिभीतकाचा बलेला, आमलकाचा आमला. नवव्या शतकाच्या उंबरठ्यावर, हारून अल-रशीदच्या काळात बगदादमध्ये भारतीय वैद्य होते. त्यांच्यातल्या मनका नावाच्या वैद्यानं सुश्रुताचा ग्रंथ तिकडच्या भाषेत नेण्याचं काम केलं, ही नोंद अरबी ग्रंथसूचीत आहे. त्रिफळा त्याच वाटेनं गेला आणि कित्येक शतकांनी इत्रीफल होऊन परत आला.

म्हणजे अम्मीच्या त्या दोन शब्दांत एक संस्कृत आहे आणि एक ग्रीक. दोघंही वेगवेगळ्या दिशांनी बगदादला गेले, तिथं दोघांच्याही पुढे एकेक आधाराचा स्वर लागला, आणि दोघं जोडीनं परभणीच्या बाजारात येऊन बसले. डबीवरचं नाव वाचून "हे परकं औषध" म्हणणाऱ्यांनी निदान त्यातला हिरडा ओळखावा.

त्याच औषधात आणखीही मंडळी आहेत. एक अफ्तीमून, ही अमरवेलीच्या जातीतली वेल. ग्रीक 'एपी' म्हणजे वर आणि 'थिमोन' म्हणजे थाइमचं झुडूप. थाइमवर वाढणारी ती एपिथिमोन, तिची अफ्तीमून. दुसरं बसफायज, एका नेच्याचं मूळ. ग्रीकमध्ये त्याला 'पॉलिपोडियन' म्हणत : 'पॉली' म्हणजे पुष्कळ, 'पोडियन' म्हणजे छोटा पाय. या मुळाला बारीक पायांसारखे फाटे असतात. फारसी बोलणाऱ्यांनी इथं आवाज उचलला नाही, अर्थ उचलला. 'बस' म्हणजे पुष्कळ, 'पाय' म्हणजे आपलाच पाय. बसपायक. ते अरबीत जाऊन बसफायज झालं. गावजबान तुम्ही ऐकलं असेल. ग्रीक 'बूग्लोसोन', 'बूस' म्हणजे बैल आणि 'ग्लोसा' म्हणजे जीभ. अरबीत 'लिसान-उस-सौर', बैलाची जीभ. फारसीत 'गाव-जबान', तोच अर्थ.

परका शब्द घरात घ्यायच्या या दोन रीती. एक, आवाज घ्यायचा आणि तो आपल्या जिभेला बसेल असा करायचा. दुसरी, शब्दाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा अर्थ आपल्या भाषेत मांडायचा. तिसरीही एक रीत आहे आणि ती मला सर्वांत जास्त आवडते. तिच्यासाठी बगदादच्या त्या अनुवादकाकडे जावं लागेल.

डायोस्कोरिडीसचा ग्रंथ अरबीत आणला तो इस्तिफान इब्न बासिल यानं, नवव्या शतकात, खलिफा मुतवक्किलच्या काळात. हा इस्तिफान ख्रिस्ती होता. त्याचा मजकूर तपासणारा हुनैन इब्न इसहाक हाही ख्रिस्ती, आपल्या काळातला सर्वांत मोठा अनुवादक. आणि बघा, इस्तिफान हे 'स्तेफानोस'चं रूप. त्याच्या स्वतःच्या नावापुढेही तोच आधाराचा 'इ' आहे! इस्तिफानसमोर अडचण अशी होती की शेकडो ग्रीक वनस्पतींना अरबीत नाव काय, हे त्याला माहीत नव्हतं. जी नावं माहीत होती ती त्यानं अरबीत दिली. जी नव्हती ती ग्रीकमध्येच राहू दिली. पुढे दहाव्या शतकात कुर्तुब्याच्या, म्हणजे कॉर्डोबाच्या, इब्न जुलजुल या वैद्यानं यामागचं कारण लिहून ठेवलं आहे. आपल्यानंतर अल्लाह अशा कुणाला तरी पाठवील ज्याला ती झाडं ओळखता येतील, या भरवशावर इस्तिफाननं ती जागा सोडली होती.

आणि तसं झालंही. बायझन्टाइन सम्राटानं ९४८ च्या सुमारास कुर्तुब्याच्या खलिफाला त्या ग्रंथाची चित्रांची ग्रीक प्रत भेट पाठवली. तिथं ग्रीक वाचणारं कुणी नव्हतं. म्हणून ९५१ साली निकोलस नावाचा भिक्षू पाठवण्यात आला. त्याच्याभोवती हसदाई इब्न शप्रूत हा यहुदी वैद्य आणि तिथले मुसलमान वैद्य जमले आणि रिकाम्या राहिलेल्या बऱ्याच जागा त्यांनी भरल्या. शब्दाला धर्म चिकटवणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी : ग्रीक वैद्य, ख्रिस्ती अनुवादक, यहुदी वैद्य, मुसलमान हकीम, आणि डबीत हिरडा-बेहडा.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. अकराव्या शतकात अल-बिरूनीनं औषधी द्रव्यांवरच्या आपल्या ग्रंथात तक्रार केली आहे की अरबी लिपीत नुक्ते इकडचे तिकडे झाले की परक्या नावाचा पत्ताच लागत नाही. एक नुक्ता चुकला की भलतीच वनस्पती. म्हणूनच त्यानं एकेका औषधाची नावं ग्रीक, सुर्यानी, अरबी, फारसी आणि हिंदी अशा अनेक भाषांत शेजारी शेजारी मांडली. एका भाषेत चूक झाली तर दुसरी सावरून घेईल.

आता परभणीकडे येतो, कारण हा प्रश्न आमच्या जिल्ह्यातही एकदा उभा राहिला होता.

परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. १९१७ साली उस्मानिया विद्यापीठाचं फर्मान निघालं आणि १९१९ साली वर्ग सुरू झाले. विज्ञानापासून कायद्यापर्यंत सगळं उर्दूतून शिकवायचं ठरलं. त्यासाठी दार-उत-तर्जुमा म्हणजे अनुवाद विभाग काढला. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. ते आमच्या मराठवाड्यातच, औरंगाबादला शिक्षण खात्यात होते आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं काम तिथूनच चालवत. त्या विभागापुढे बगदादचाच प्रश्न होता : हजारो युरोपीय शब्द, त्यांना काय म्हणायचं? एक गट म्हणायचा, अरबीतून घडवा. दुसऱ्या बाजूला वहीदुद्दीन सलीम होते. त्यांचं म्हणणं असं की उर्दूची घडण या मातीतल्या भाषांची आहे, तिचे स्वतःचे उपसर्ग-प्रत्यय आहेत, त्यांतून शब्द घडवा, हिंदी तुकड्यांनाही मज्जाव नको. त्यांचं 'वज़-ए-इस्तिलाहात' हे पुस्तक १९२१ साली अंजुमननं औरंगाबादहून काढलं. शब्दाचे तुकडे कसे पाडायचे आणि कसे जोडायचे याचं ते पुस्तक आहे.

माझे दादा त्या काळात परभणीत शिकले. त्यांनी वनस्पतिशास्त्र 'नबातियात' या नावानं वाचलं. झाड उन्हात आपलं अन्न तयार करतं त्या क्रियेला उर्दूत 'जियाई तालीफ' म्हणतात. जिया म्हणजे प्रकाश, तालीफ म्हणजे एकत्र बांधणं. मी मराठी शाळेत शिकलो, मला शिकवलं 'प्रकाशसंश्लेषण'. प्रकाश, सम् म्हणजे एकत्र, श्लेषण म्हणजे जोडणं. माझी मुलगी नीटची तयारी करते, ती म्हणते 'फोटोसिंथेसिस'. फोटो म्हणजे प्रकाश, सिन् म्हणजे एकत्र, थेसिस म्हणजे ठेवणं. एका घरात तीन पिढ्या, तीन शब्द, आणि तिन्ही शब्दांचे तुकडे एकावर एक ठेवले तर तंतोतंत बसतात. हा ग्रीक वाटणारा शब्दही काही प्राचीन नाही. १८९३ साली अमेरिकेत चार्ल्स बार्न्स यांनी या क्रियेसाठी नाव सुचवलं, त्यांना स्वतःला 'फोटोसिंटॅक्स' पसंत होतं, पण लोकांनी 'फोटोसिंथेसिस' उचललं. म्हणजे उस्मानियाचे वर्ग भरले तेव्हा हा शब्द जेमतेम सव्वीस वर्षांचा होता.

मुलीनं एकदा विचारलं, "अब्बा, फोटोसिंथेसिसमध्ये जोर 'सिं'वरच का?" याचंही उत्तर आपल्या ओळखीचं आहे. इंग्रजीत आलेल्या अशा बऱ्याच शब्दांचा जोर लॅटिनच्या नियमानं पडतो. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. 'थे' लघु, म्हणून जोर मागे सरकून 'सिं'वर. 'हायपॉथेसिस'मध्ये त्याच कारणानं 'पॉ'वर. शेवंतीच्या 'क्रिसॅन्थमम'मध्ये 'सॅन्'वर. ग्रीक 'ख्रिसोस' म्हणजे सोनं, 'अँथेमोन' म्हणजे फूल. लघु-गुरू हे आपण वृत्तांत शिकतो, पण इंग्रजी शब्द पाठ करताना त्यांचा उपयोग होईल असं आपल्याला कुणी सांगत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. दादांना 'जियाई तालीफ' घरच्यासारखा वाटला असेल. पण परभणी जिल्ह्यात बहुसंख्य लोक मराठी बोलणारे होते, आणि वरचं शिक्षण उर्दूतून घ्यावं लागे. दादांच्या बाकावर शेजारी बसलेल्या मराठी मुलाची जीभ तेव्हा अडखळली असेल आणि त्यालाही कुणी हसलं असेल. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, उस्मानियातलं उर्दू माध्यम गेलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. पारडं फिरलं. आता अडखळणारी जीभ आमची होती. दादांच्या पुस्तकांतले शब्द एका रात्रीत कुणाच्याच उपयोगाचे राहिले नाहीत, त्यांना नोकरीसाठी चाळिशीजवळ मराठी लिहायला शिकावं लागलं. ते शिकले, आणि मला त्यांनी मराठी शाळेत घातलं. त्या मराठीवर आज माझं पोट आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे. म्हणूनच कुणाच्याही जिभेला हसणं मला सहन होत नाही, मग ते हसणारं माझं मूल का असेना.

मराठीतले अरबी-फारसी शब्द काढून टाका, असं म्हणणारे आजही भेटतात. त्यांच्यासाठी एकच शब्द घेतो, कलम. कुरआनच्या ६८ व्या सूरहचं नाव अल-कलम. अरबी कलम आला ग्रीक 'कलामोस'वरून, म्हणजे बोरू, वेत. तोही वनस्पतीचाच शब्द. मराठीत आज कलमाचे तीन अर्थ नांदतात : लेखणी, कायद्याचं कलम, आणि आंब्याचं कलम. तो काढायचा तर वकील काय म्हणतील आणि रोपवाटिकेतले माळी काय म्हणतील? एका झाडाची फांदी दुसऱ्यावर बांधायची आणि दोन्ही जगवायची, त्या कामाला मराठीनं हाच शब्द निवडला.

हे सगळं मी मुलीला एका रविवारी सांगितलं. वहीवर तुकडे पाडून दाखवले : स्तोइ-खा-दोस, उस्-तू-खू-दूस, उस्-तु-खुद्-दूस. त्रि-फ-ला, इत्-री-फल. तिनं खाली स्वतः लिहिलं : स्कूल, इस्-कूल. मग बराच वेळ गप्प बसली. संध्याकाळी ती डबी घेऊन आली आणि अम्मीच्या खाटेवर बसून म्हणाली, "दादी, ये नाम तुम बोलो, मैं लिखती." अम्मी म्हणाली, "तू पढी-लिखी, तूच बोल." मुलीनं वाचलं आणि 'खुद्दूस'वर अडखळली. यावेळी अम्मी हसली, आणि मग तिनं तो शब्द सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, दोनदा म्हणून दाखवला.

आमच्या घरात आता औषधांच्या नावांची एक वही आहे. अम्मी सांगते, मुलगी देवनागरीत लिहिते, आणि शेजारी मराठी नाव. बऱ्याच ओळींत उजवीकडची जागा कोरी आहे, कारण त्या झाडाला मराठीत काय म्हणतात ते आम्हा तिघांनाही ठाऊक नाही. मुलीनं विचारलं, तिथं काय लिहू? मी म्हटलं, इस्तिफाननं जे केलं तेच कर. कुणाला ठाऊक असेल तर तो सांगेल. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या दादीला, आजीला माहीत असेल तर जरूर कळवा.